मावळातलं घर आणि नकाशातले रंग

कामशेत किंवा वडगावच्या बाजारपेठेत जमिनीचा विषय निघाला की दराच्या आधी झोन विचारतात. 'येलो' म्हटलं की समोरचा खुर्ची ओढून बसतो. 'ग्रीन' म्हटलं की "बघू, सांगतो" म्हणून उठतो. नगररचना कार्यालयाची पायरी कधी न चढलेले मावळातले म्हातारे शेतकरीही आपला गट कुठल्या रंगात बसलाय ते बिनचूक सांगतात. कायद्यात या रंगांना निवासी विभाग, शेती विभाग, ना-विकास विभाग अशी नावं आहेत, पण ती कुणाच्या तोंडी नाहीत. रंग सांगितला की पुरतं. त्या रंगावर जमिनीचा भाव ठरतो, बँकेचं कर्ज ठरतं, आणि धाकट्या मुलाला लग्नाआधी दोन खोल्या बांधता येतील की नाही, हेही ठरतं.

यातला शेवटचा मुद्दा नियोजनाच्या चर्चेत सहसा येत नाही. लोणावळा-मावळातल्या घरांबद्दल जे छापून येतं ते बंगल्यांबद्दल असतं. डोंगरउतारावरचे व्हिला, पवना धरणाच्या काठचे तंबू, शनिवार-रविवारची कोंडी, यांची बातमी होते. गावाचं म्हणणं दुसऱ्याच घरांबद्दल आहे. इथेच जन्मलेल्या, इथेच राहणाऱ्या माणसाचं घर नकाशात कुठे धरलंय, असं गाव विचारतं.

आधी हे रंग भरतं कोण आणि कसं, ते पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966, सरकारी बोलीत 'एमआरटीपी', हा त्याचा पाया. नियोजन प्राधिकरण जमिनीच्या सध्याच्या वापराची पाहणी करतं, पुढच्या वीसेक वर्षांची लोकसंख्या अंदाजतं, रस्ते आखतं, शाळा-दवाखाने-मैदानं-कचरा डेपो यांसाठी जागा राखून ठेवतं आणि प्रारूप आराखडा प्रसिद्ध करतं. त्यावर 30 दिवसांत हरकती आणि सूचना मागवल्या जातात. नियोजन समिती सुनावणी घेते, बदल सुचवते आणि आराखडा शासनाकडे मंजुरीला जातो. या साखळीत गावाचा नंबर कितवा लागतो ते पाहा. पाहणी, अंदाज, रस्ते, आरक्षणं, सगळं ठरून नकाशा छापून झाल्यावर गावाला विचारलं जातं, आणि तेही "तुमची काही हरकत आहे का?" एवढंच. पत्रिका छापून झाल्यावर मुलीची पसंती विचारण्यातला हा प्रकार आहे. मावळातल्या लोकांची मूळ तक्रार इथे आहे, आणि ती मला रास्त वाटते.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, 2015 मध्ये स्थापन झालं. सुमारे सात हजार चौरस किलोमीटरच्या त्याच्या हद्दीत मावळ तालुका येतो. ऑगस्ट 2021 मध्ये पीएमआरडीएने प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. कोविडचे निर्बंध पुरते उठले नव्हते, मावळात भाताची लावणी नुकतीच उरकली होती, आणि गावागावांत मोबाइलवर नकाशाचे तुकडे फिरायला लागले. बोटांनी चित्र मोठं करून लोक आपापले गट नंबर शोधत होते. हजारो गटांचा नकाशा पाच इंची पडद्यावर वाचायचा, त्यातल्या रंगछटा ओळखायच्या, रस्त्याची रुंदी समजून घ्यायची आणि महिन्याभरात लेखी हरकत द्यायची. संपूर्ण प्रदेशातून साठ हजारांहून जास्त हरकती आल्या आणि त्यांच्या सुनावण्या पुढे कित्येक महिने चालल्या.

हरकत म्हणजे काय ते एका उदाहरणातून समजून घेऊ. समजा, एका शेतकऱ्याचं एक एकर भातखाचर आहे. एक एकर म्हणजे 40 गुंठे, साधारण 4,047 चौरस मीटर. त्या जमिनीतून 18 मीटर रुंदीचा रस्ता 100 मीटर लांब गेला, तर 1,800 चौरस मीटर जातात, म्हणजे पावणेअठरा गुंठ्यांच्या आसपास. राहिलेली जमीन दोन तुकड्यांत विभागते. विहीर एका तुकड्यात राहते, खाचर दुसऱ्यात. आराखड्यावर ही एक बारीक दुहेरी रेघ असते. सुनावणीला आलेला माणूस म्हणतो, "साहेब, रस्ता माझ्या विहिरीवरून जातोय." टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यापुढे त्या दिवसाची लांबलचक यादी असते. तो नोंद घेतो आणि पुढचं नाव पुकारतो. रस्ता गरजेचा आहे की नाही, तो शेजारच्या पडीवरून नेता येईल का, गावाची जुनी पाणंद रुंद करून भागेल का, यातल्या एकाही प्रश्नाला त्या टेबलावर जागा नसते. तिथे फक्त 'हरकत क्रमांक' असतो.

आरक्षण पडलं तर आणखी पंचाईत. कायद्यानुसार आराखडा मंजूर झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत प्राधिकरणाने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण सुटतं. म्हणजे जवळजवळ बारा वर्षं त्या जमिनीवर घर नाही, कर्ज नाही, धड गिऱ्हाईकही नाही. मोबदल्यात टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देऊ केला जातो. शहरातल्या बिल्डरला तो कामाचा. नाणे मावळातल्या शेतकऱ्याने तो विकायचा कुणाला, हे कागदावर लिहिलेलं नसतं.

शेवटी हा सगळा आराखडा 2025 मध्ये शासनाने रद्द केला. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिकाही चालू होत्या. चार वर्षं लोकांनी हरकती लिहिल्या, वकिलांच्या पायऱ्या झिजवल्या, कुणी घाईने जमिनी विकल्या, कुणी पिवळा येणार म्हणून चढ्या भावाने घेतल्या, आणि मग पाटी पुसली गेली. ती पुसल्यावर खाली 1997 ची पुणे प्रादेशिक योजना आहे तशीच निघाली. मोबाइल फोन बहुतेकांनी पाहिलाही नव्हता तेव्हाची ती योजना. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू व्हायच्या आधीचा तो मावळ!

आता गावठाणाकडे येऊ. माझ्या मते घरांच्या प्रश्नाची खरी गाठ तिथे आहे.

इंग्रजी अमलात जमीनमोजणीची नवी पद्धत पुणे जिल्ह्यातच आकाराला आली. 1836 च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिची सुरुवात केली. पुढे गावोगाव शेतांना सर्व्हे नंबर पडले आणि वस्तीची जागा गावठाण म्हणून वेगळी काढली गेली. गावठाणात शेतसारा नाही, त्यामुळे सातबाराही नाही. माणसं दाटीवाटीने राहायची, कारण बाहेरची प्रत्येक हातभर जमीन पिकाखाली हवी होती. गावठाणाची हद्द त्या काळच्या माणसांच्या आणि गुरांच्या हिशेबाने आखलेली. काही गावांना नंतर वाढीव गावठाण मिळालं, पुष्कळांना मिळालंच नाही.

त्या हद्दीच्या आत चार-पाच पिढ्या वाटण्या झाल्या. एका ओसरीचे तीन भाग, परसाचे दोन, आणि मधल्या भिंतीवरून भावाभावांत अबोला. गावठाणातल्या घराचा पुरावा म्हणून लोकांकडे काय असायचं? ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, म्हणजे घरपट्टीची नोंद. घरपट्टी भरल्याने मालकी सिद्ध होत नाही, बांधकाम अधिकृतही ठरत नाही. बँकेला हे ठाऊक असतं, म्हणून ती कर्ज देताना नाक मुरडते. स्वामित्व योजनेत आता ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. अशा मोजणीचा पहिला प्रयोगही पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला होता. काम चांगलं आहे यात शंका नाही. पण ड्रोन गावठाणाच्या रेषेच्या आतलं मोजतो. मावळातली नवी पिढी रेषेच्या बाहेर राहायला गेलेली आहे.

ती का गेली, हे सांगायला नको. आत जागाच उरली नाही. मग थोरल्याने गावातलं घर ठेवलं, धाकट्याने रस्त्याकडेच्या खाचरात भराव टाकून दोन खोल्या आणि एक गाळा काढला. जमीन स्वतःची, पैसा स्वतःचा, गावाची हरकत नाही. कायद्याच्या नजरेत मात्र ते शेती विभागातलं विनापरवाना बांधकाम. महसूल संहितेत अलीकडे दुरुस्ती होऊन गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतच्या जमिनीला अकृषिक रूपांतराची सवलत मिळाली. सपाटीवरच्या गावाला ती बऱ्यापैकी कामी येते. मावळात 200 मीटर म्हणजे काय? वरच्या अंगाला डोंगर आणि वनखात्याचा दगड, खालच्या अंगाला ओढा, नदी नाहीतर धरणाची संपादित जमीन. कितीतरी वाड्यांना तर गावठाणच नाही, त्यामुळे 200 मीटर मोजायचे कुठून हाच प्रश्न.

आणखी एक विसंगती गावकरी हटकून दाखवतात. शेती विभागात शेतघर बांधायला साधारण 40 आर, म्हणजे एक एकर जमीन लागते. मुंबईच्या शेतकरी-दाखला असलेल्या माणसाने एक एकर विकत घेतला तर तो नियमात शेतघर बांधतो. ज्याच्या पणजोबाने ती खाचरं पाडली, त्याच्या वाट्याला वाटण्या होऊन आठ गुंठे आले, तर त्याला त्याच विभागात घर नियमात बसवणं अवघड. नियम दोघांना सारखाच आहे, यात कुणाची लबाडी नाही. पण हा नियम करताना डोळ्यांसमोर कोण होतं, याचा अंदाज येतो.

त्यात तुकडेबंदी. 1947 चा हा कायदा शेतीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून केला गेला, हेतू चांगलाच होता. पण जिथे लोकांना शेतीसाठी नव्हे तर घरासाठी दीड-दोन गुंठे हवे आहेत, तिथे त्याने वेगळाच बाजार उभा केला. 2021 मध्ये नोंदणी विभागाच्या परिपत्रकाने मंजूर रेखांकनाशिवाय गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या दस्तनोंदणीला चाप बसला. तळेगाव-चाकण पट्ट्यात कंपनीत काम करणाऱ्या कितीतरी कामगारांनी आयुष्याची बचत नोटरीच्या कागदावर ओतली. सातबारावर 'सामाईक' म्हणून वीस-वीस नावं लागली. 2025 मध्ये शासनाने अशा व्यवहारांना दिलासा द्यायचं जाहीर केलं, तेही रहिवासी वापराच्या भागापुरतं. पुन्हा प्रश्न रंगाचाच.

इथवर वाचून असं वाटेल, की मावळातलं गाव एकमुखाने बोलतं. तसं नाही. आपल्याकडे 'ग्रामस्थांचा विरोध' असा मथळा देऊन वर्तमानपत्रं मोकळी होतात, ते वाचून दिशाभूल होते. ज्याची पंधरा एकर रस्त्याला लागून आहे त्याला पिवळा हवा असतो आणि 'विकास थांबवू नका' अशी त्याची हरकत असते. ज्याची दोन एकर ओढ्याकाठी आहे त्याला हिरवाच राहिलेला बरा, कारण शेजारी इमारती झाल्या की त्याच्या खाचराची वाट लागते. गावातलीच पोरं जेसीबी घेऊन डोंगर फोडतात, गावातलेच पुढारी प्लॉटिंगवाल्याला ग्रामपंचायतीचे दाखले मिळवून देतात. बाहेरच्यांना नावं ठेवताना हे विसरून चालणार नाही. दर शनिवारी बंगल्यांवर स्वयंपाक, सफाई, राखण करून कित्येक घरं चालतात, पवनेच्या काठी तंबूंचा धंदा स्थानिक मुलांनीच उभा केला. ग्रामसभेत कुणी "हे सगळं बंद करा" म्हणत नाही. लोक म्हणतात, "आमचं आधी नियमात बसवा, मग त्यांचं बघा."

आणि ज्यांचा सातबाराच नाही, त्यांचा आवाज हरकतींच्या गठ्ठ्यात सापडतच नाही. मावळात कातकऱ्यांच्या वाड्या जागोजाग आहेत. महाराष्ट्रात अतिअसुरक्षित मानलेल्या तीन आदिवासी समाजांपैकी हा एक, दुसरे दोन कोलाम आणि माडिया गोंड. कातकरी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर राहतात, कधी शेतमालकाच्या बांधावर, कधी गायरानात. सरकारकडे त्यांच्यासाठी घरकुल आहे, पीएम-जनमन आहे. पण घरकुलाचा अर्ज पहिल्याच रकान्यात अडतो: जागा कुणाच्या नावावर? जागा विकत घ्यायला मदत करणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. तिचं अर्थसाहाय्य आधी 50 हजार होतं, नंतर एक लाखापर्यंत वाढवलं, आणि ते 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आहे. द्रुतगती मार्गालगतच्या गावांत या पैशात कोण जागा देईल? मूळ मालकाने जमीन विकली की नवा मालक पहिलं काम करतो ते तारेचं कुंपण घालण्याचं, आणि वाडी उठते. पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या काही भागांतच आहे, त्यामुळे पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभांना दिलेले अधिकार मावळातल्या वाड्यांना नाहीत. आराखड्यात कातकरीवाडीसाठी जागा राखलेली पाहायला मिळाली तर मी तो आराखडा चांगला म्हणेन. बाकी उद्यानं आणि क्रीडांगणं नंतर.

पाण्याबद्दल गावाकडे जे ज्ञान आहे ते तर नियोजनात यायलाच हवं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. हे पाणी डोंगरावरून एकदम खाली येऊ नये म्हणून शेकडो वर्षांत पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं झाली. वरचं खाचर भरलं की बांधाच्या खिंडारातून पाणी खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात, असं करत ते ओढ्याला मिळतं. मधल्या एखाद्या खाचरात प्लॉटिंगसाठी पाच फूट मुरमाचा भराव पडला की साखळी तुटते. वरच्याचं भात कुजतं, खालच्याचं वाळतं आणि ओढा भलतीकडे वळतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 मध्ये प्रसारित केलेलं इंद्रायणी भात सगळ्या महाराष्ट्राच्या ताटात गेलं, ते या खाचरांच्या जिवावर. आराखड्यात खाचर हा वापराचा वेगळा प्रकार म्हणून दिसत नाही, नुसती 'शेती' दिसते. वरकस जमीन आणि भातखाचर दोन्ही एकाच हिरव्यात. गावाला नकाशा करायला सांगितला असता, तर त्यांनी सगळ्यात आधी ओढे काढले असते.

नदीची कथा वेगळी नाही. पुराची निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. मे 2025 मध्ये मावळातूनच येणाऱ्या इंद्रायणी नदीच्या काठी, खाली पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत, निळ्या पूररेषेतले 36 बंगले पाडले गेले. घेणाऱ्यांनी कोट्यवधी ओतले होते. मावळात वरच्या अंगाला नदीकाठी प्लॉटची जाहिरात 'रिव्हर टच' म्हणून होते. गावातला म्हातारा मात्र कुठल्या साली पाणी मारुतीच्या पायरीला लागलं होतं ते दाखवतो. डोंगरउताराचंही तेच. 2014 च्या जुलैमध्ये आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. 2023 च्या जुलैमध्ये सह्याद्रीच्या पलीकडे इर्शाळवाडी. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा 2024 मध्ये पुन्हा निघाला, त्यात महाराष्ट्राचं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्याला मावळातून जो विरोध होतो, त्यात खाणवाले आणि प्लॉटवाले आहेत हे खरंच. पण साध्या शेतकऱ्याची भीती निराळी आहे: बंगले आधीच होऊन गेले, आता बंदी आली तर ती माझ्या गोठ्यावर येणार. त्याला कुणीतरी बसून समजावून सांगितलं पाहिजे, की बंदी कशावर आहे आणि कशावर नाही. तसं सांगायला गावात कुणी येत नाही.

या संशयाला इतिहास आहे. खोपोलीचं वीजकेंद्र 1915 मध्ये आणि भिवपुरीचं 1922 मध्ये सुरू झालं. त्यांच्यासाठी लोणावळा, वळवण, शिरवता, ठोकरवाडी हे तलाव याच मावळाच्या खोऱ्यांत झाले, आणि पाणी घाटाखाली गेलं. शेजारच्या मुळशीत 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, धरण झालंच. पवना धरण 1972 मध्ये पूर्ण झालं. त्याचे बाराशेच्या आसपास खातेदार विस्थापित झाले, त्यातल्या बहुतेकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढच्या पिढीवर आला. द्रुतगती मार्ग झाला, त्याने शिवारं दुभंगली. समोरच्या शेतात जायला लांबचा भुयारी रस्ता गाठावा लागतो, आणि त्या मार्गावर चढायची गावाला सोय नाही. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मृत्युमुखी पडले. मावळातल्या कुठल्याही बैठकीत विकासाचा विषय निघाला की कुणीतरी बऊरचं नाव काढतंच. आता उर्से हे पुण्याभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गाचं टोक होतंय, तळेगाव औद्योगिक क्षेत्राचा विस्तार आंदर मावळाकडे सरकतोय, आणि लोहगड जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. गडाखालच्या वाडीला याचा अभिमान आहे, आणि धाकधूकही. संरक्षित स्मारकापासून 100 मीटर बांधकामाला मनाई आणि पुढे 200 मीटर परवानगीचं बंधन हा कायदा भाजे-कार्ल्याच्या लोकांनी आधीच अनुभवलाय.

एका घराच्या परवानगीसाठी मावळातल्या माणसाला कुणाकुणाचं दार ठोठावावं लागू शकतं, हे मोजलं तर थक्क व्हायला होतं. लोणावळा नगरपरिषद, तळेगाव नगरपरिषद, वडगाव नगरपंचायत, पीएमआरडीए, एमआयडीसी, रस्ते विकास महामंडळ, जलसंपदा, वनखातं, पुरातत्त्व, काही भागांत संरक्षण खातं. ग्रामपंचायत या यादीत सगळ्यात शेवटी, आणि गावकऱ्याला नाव घेऊन ओळखणारी ती एकटीच. मावळातल्याच कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल 15 जून 2025 रोजी पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. गावाच्या ये-जासाठी असलेल्या त्या पुलावर धोक्याचा फलक होता, नव्या पुलाला मंजुरीही होती. कुठला पूल कोणाच्या अखत्यारीत, यावर नंतर बराच वेळ चर्चा झाली.

मग करायचं काय? बाहेर उदाहरणं आहेत. केरळने 1996 मध्ये लोकयोजना मोहीम काढून राज्याच्या योजना निधीचा एक तृतीयांशाहून जास्त हिस्सा पंचायतींकडे दिला, आणि ग्रामसभांत आराखडे बनले. इंग्लंडमध्ये 2011 च्या कायद्याने एखादं खेडं आपल्या परिसराचा आराखडा स्वतः लिहू शकतं. गावात मतदान होऊन तो बहुमताने संमत झाला की नियोजन प्राधिकरणाला तो विचारात घ्यावाच लागतो. जवळचं उदाहरण हडपसरचं मगरपट्टा सिटी. तिथे सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून वसाहत उभारली आणि मालकी हातात ठेवली. ते सपाटीवर, शहराच्या दाराशी आणि एकाच भावकीच्या बळावर जमलं. पायऱ्यापायऱ्यांच्या मावळात तसंच्या तसं जमेल असं मला वाटत नाही. पण जमीन विकण्याऐवजी भागीदार व्हायचं, हा त्यातला धडा घेण्यासारखा आहे.

आपल्या कायद्यातही जागा आहे. ग्रामपंचायत अधिनियमाने वर्षातून किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. गावाचा विकास आराखडा दरवर्षी करायचा असतो, पण तो गटार आणि पेव्हर ब्लॉकच्या यादीवर संपतो. जमिनीच्या वापराला तो हातच लावत नाही. घटनेच्या 243 झेडई कलमाने महानगर नियोजन समितीत दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या आणि पंचायतींच्या लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडलेले असावेत असं सांगितलंय. ही तरतूद केवळ कागदावर न राहता समितीच्या बैठकीत मावळातल्या सरपंचांनी नकाशा पुढे ठेवून बोलायला हवं.

नवा आराखडा कधीतरी निघणारच. तेव्हाची 30 दिवसांची घाई टाळायची असेल तर गावांनी आताच कामाला लागावं. भूमी अभिलेखकडून गावठाणाची मोजणी आणि गावनकाशा घ्यावा. त्यावर गावठाणाबाहेरचं प्रत्येक राहतं घर, कातकरीवाडी, ओढे, झरे, पाणंदी, स्मशानाची वाट आणि पुराची खूण हाताने काढावी. गावठाणविस्तार कुठे हवा आणि कुठे मुळीच नको, हे ग्रामसभेत ठरवून ठरावाची प्रत पीएमआरडीए आणि नगररचना विभागाला द्यावी, पोच घ्यावी. ठरावात बायकांच्या सह्या असाव्यात, कारण पाणी आणि सरपण कुठून येतं ते त्यांना विचारूनच लिहावं लागेल.

आणि पुण्या-मुंबईहून इथे बंगला किंवा प्लॉट घेऊ पाहणाऱ्या वाचकांनी एजंटच्या तोंडी 'येलो'वर विसंबू नये. गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढावा, जलसंपदाकडून पूररेषेची खात्री करावी, आणि सातबारावर किती नावं आहेत ती मोजावीत. मावळच्या ग्रामीण भागात झोन दाखला आजही 1997 च्या प्रादेशिक योजनेवरूनच मिळतो.